बेरी जिन चाखताना आणि देताना या चुका टाळा

बेरी जिन म्हणजे स्ट्रॉबेरी, रास्पबेरीसारख्या फळांची चव दिलेली जिन. तिच्याबद्दल नेहमीची तक्रार एकच: 'फार गोड लागते, कफ सिरपसारखी.' बहुतेक वेळा दोष बाटलीत नसतो. रंग गुलाबी दिसला की आपण तिला सरबतासारखं वागवतो, आणि तिथेच बिनसतं. ती आधी जिन आहे, बेरी नंतर. ग्लासात जुनिपरचा, म्हणजे जिनला तिची ओळख देणाऱ्या फळाचा, कडवट, राळेसारखा वास हरवला, तर उरते ती फक्त साखर.

म्हणून मिसळण्याआधी लेबल वाचा. युरोपीय संघाच्या नियमानुसार जिनमध्ये किमान 37.5 टक्के अल्कोहोल लागतं. स्लो नावाच्या आंबट-तुरट रानफळापासून केलेल्या स्लो जिनला 25 टक्केही चालतं. त्याहून सौम्य आणि गोड असतात त्या जिन लिकर. तिन्ही बाटल्या दिसायला सारख्या, पण एकीचं प्रमाण दुसरीला लावलं की पेय बिघडलंच. जुन्या पद्धतीच्या 'पिंक जिन'मध्ये तर बेरी नसतेच. तिचा रंग अँगोस्टुरा बिटर्स या कडू अर्काचा.

चाखताना थेट बर्फ घालू नका. थंडीने वास दबतो आणि गोडवाही कमी जाणवतो, म्हणजे जिनबद्दल काहीच खरं कळत नाही. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात थोडीशी घ्या, नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून हलकेच वास घ्या. मग एक छोटा घोट. त्यानंतर जवळजवळ तेवढंच साधं पाणी घालून पुन्हा चाखा. अल्कोहोलची धग उतरली की जिनमधलं फळ, जुनिपर आणि धणे वेगवेगळे ओळखू येतात. मला स्वतःला हा दुसरा घोटच सगळ्यात बोलका वाटतो. पाणी घातल्यावर जिन ढगाळली तर घाबरू नका. अल्कोहोलचं प्रमाण उतरलं की त्यात विरघळलेली सुगंधी तेलं बाहेर येतात, एवढंच.

आता टॉनिक, म्हणजे जिनमध्ये मिसळायचं कडवट-गोड, फसफसतं पाणी. गोड जिनमध्ये नेहमीचं टॉनिक ओतणं ही सर्वांत मोठी चूक, कारण त्यातही भरपूर साखर असते. कमी साखरेचं टॉनिक घ्या, किंवा निम्मं टॉनिक आणि निम्मा सोडा. एक भाग जिनला दोन भाग टॉनिक, इथून सुरुवात करा. जिन कोरडी, म्हणजे गोड नसलेली, असेल तर तीनपर्यंत जा. तरीही गोड लागली तर आणखी टॉनिक नको, लिंबाचा रस थोडा पिळा. आंबटपणाने बेरी एकदम उठून येते. उलट पेय पाणचट झालं असेल तर बर्फ कमी पडला असणार: दोन-तीन छोटे खडे लगेच वितळतात, ग्लास भरून मोठे तुकडे घातले तर हळू. टॉनिकही आधीच गार हवं.

सजावटीला मूठभर बेरी चेचून घालण्याचा मोह आवरा. गर तळाशी बसतो आणि गॅस उडून जातो. दोन अख्ख्या बेरी आणि लिंबाच्या सालीची एक पट्टी पुरे.

बाटली उन्हात, खिडकीजवळ ठेवू नका. फळाचा नैसर्गिक रंग प्रकाशाने आणि हवेने फिकट किंवा तपकिरी होतो, पाठोपाठ ताज्या फळाचा वासही मंदावतो. अर्ध्याच्या खाली गेलेली बाटली वर्षानुवर्षं जपून ठेवू नका. आणि पेग मापानेच ओता. गोडव्यामुळे अल्कोहोल जाणवत नाही, कमी मात्र होत नाही.