तोड झाली, आता काडी खिशातच ठेवा

ऊसतोडीची टोळी फडातून बाहेर पडली की रानात गुडघाभर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, उरतं. पाण्याची पाळी तोंडावर असते, खोडव्याची (त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाची) घाई असते, आणि संध्याकाळी कुणीतरी बांधावरून काडी टाकतो. पौष-माघात हा धूर नेमका चुकीच्या वेळी निघतो. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. धुराला वर जायला वाट राहत नाही. सकाळी गावावर दिसते ती सगळी धुई नसते.

हवा काही शेतकरी एकटाच खराब करत नाही. वाहनं, कारखाने, वीटभट्ट्या आहेतच. शिवाय डोंगरातले वणवे (तेही बहुतेक माणसानेच लावलेले), गाजरगवताचे परागकण आणि वाऱ्याची धूळ. 23 जानेवारी 2022 रोजी थेट पाकिस्तानकडून समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबई-पुणे झाकोळून गेलं होतं. त्या धुळीला कोण अडवणार? पाचटाचं मात्र आपल्या हातात आहे.

हिशोबही बघा. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं आणि त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असतं. 8 टनांत 40 किलो, म्हणजे युरियाच्या जवळजवळ दोन गोण्या. पेटवलं की हे नत्र जवळपास सगळं हवेत जातं. राखेत पालाश उरतं खरं, पण पाणी देईपर्यंत अर्धी राख शेजाऱ्याच्या रानात.

पाचट सरीत दाबून घ्या, बुडखे (उसाची जमिनीत राहिलेली खोडं) मोकळे करा आणि धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. छाटणी उंच राहिली तर वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे येतात. मग हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक शेणखतात मिसळून पाचटावर टाका. लगेच पाणी द्या. युरिया उघड्यावर पडून राहिला तर त्याचा अमोनिया उडतो, हवेतल्या इतर वायूंशी मिळून त्याचे बारीक कण होतात आणि पैसेही जातात. बगला फोडायच्या नाहीत, म्हणजे वरंब्याच्या बाजू नांगरायच्या नाहीत. यंत्राने तोड झाली असेल तर पाचटाचे तुकडे आधीच झालेले असतात, काम आणखी सोपं.

खोडव्याची रासायनिक खतं वाफशावर (माती ना चिखल, ना कोरडी असताना) पहारीने द्या: बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल, दोन छिद्रांत 30 सेंटिमीटर अंतर. पहिला हप्ता 15 दिवसांच्या आत, दुसरा 135 दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्षी मजूर कुरकुरतात, पण पाचटाखाली ओल टिकते आणि तणही कमी येतं, म्हणून खुरपणीत ते भरून निघतं.

तोडीआधी उभा फड पेटवू देऊ नका. सापाची, बिबट्याची भीती खोटी नाही, पण जळीत उसाला कारखाना कपात लावतो आणि वजनही घटतं.

तुरीची, ज्वारीची मळणी सुरू असेल तर वारा जिकडून येतो, मळणीयंत्राच्या त्या बाजूला उभे राहा, भुसा अंगावर येणार नाही. नाकातोंडाला ओला पंचा बांधा. दमेकरी माणसाला आणि लहान मुलांना त्या दिवशी खळ्यावर नेऊच नका. रस्त्याकडेच्या द्राक्षबागेत घडांवर धूळ बसते, तिथे कच्च्या वाटेवर सकाळी पाणी मारून घ्या.