समाजशास्त्राचा अभ्यास: आधी प्रश्न, मग व्याख्या

पदवीला समाजशास्त्र घेतलं की वहीत विचारवंतांची रांग लागते आणि प्रत्येकापुढे दोन ओळींची व्याख्या. ती घोकून पास होता येतं, पण पुढच्या सत्रात सगळ्याची सरमिसळ होते. त्यापेक्षा प्रत्येक नावापुढे आधी एकच वाक्य लिहा: या माणसाला कोणता प्रश्न छळत होता?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम घ्या. १८९७ साली त्याचं आत्महत्येवरचं पुस्तक आलं. अमुक एका व्यक्तीने जीव का दिला, हा त्याचा प्रश्नच नव्हता. एखाद्या समाजातलं आत्महत्येचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तेवढंच का राहतं, प्रोटेस्टंटांमध्ये ते कॅथलिकांपेक्षा जास्त का, याचा छडा त्याला लावायचा होता. हे एकदा ध्यानात आलं की ‘सामाजिक तथ्य’ (एकट्या व्यक्तीच्या बाहेर असलेली, पण तिच्या वागण्यावर दाब आणणारी समाजातली गोष्ट) वेगळं पाठ करावं लागत नाही. (पुढे त्याच्या आकडेवारीवर बरीच टीका झाली. तीही त्याच पानावर टिपून ठेवा. ‘चिकित्सा करा’ म्हटलं की तीच कामी येते.)

मग संकल्पना डोळ्यांसमोरच्या गोष्टीला लावून बघा. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांकडे ओझरतं बघतात आणि लगेच नजर दाराकडे किंवा मजल्याच्या आकड्याकडे वळवतात. अनोळखी लोकांमधल्या अशा सभ्य दुर्लक्षावर समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने सविस्तर लिहिलंय. स्वतः पाहिलेलं असं एखादं उदाहरण उत्तरात जरूर घाला. मात्र ‘आमच्याकडे असंच असतं’ हा पुरावा नव्हे, तिथे आकडेवारी किंवा एखादा अभ्यासच हवा.