चित्रकलेवर जगायचं ठरवलंय? मग धीराची आधी तजवीज करा

चित्रकलेवर पोट भरायचं ठरवलेल्या माणसाचा धीर सुटतो, तो चित्र बिघडलं म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा महिनाअखेर जवळ आलेली असते. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी हेच विचारते की पुढच्या सहा महिन्यांचा खर्च कुठून भागणार आहे? अर्धवेळ नोकरी, शिकवण्या, पुस्तकांसाठी चित्रं, काहीही चालेल, पण उत्तर तयार हवं. मी स्वतः सकाळी शिकवते आणि दुपारनंतर जलरंगात काम करते. त्यामुळे माझ्या चित्राला भाडं भरायची घाई नसते, आणि ते चित्रात दिसतं.

डच चित्रकार व्हॅन गॉगचं नाव घेऊन उपासमारीचं कौतुक करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्याने १८८० साली, २७व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि १८९० मध्ये तो गेला. जेमतेम दहा वर्षं. ती सारी वर्षं धाकटा भाऊ थिओ त्याला नियमित पैसे पाठवत होता. रंग, कॅनव्हास, खोलीचं भाडं, सगळं त्यातूनच निघायचं. त्याच्या चिकाटीला मी नमस्कारच करते, पण तिच्यामागे कुणीतरी खर्च उचलत होतं हेही लक्षात ठेवा. तुमचा थिओ कोण, ते आधी ठरवा. तुमची नोकरीही तुमचा थिओ होऊ शकते.

पैशाचं मार्गी लागलं की दोन वह्या करा. एक कामाची, एक बाजाराची. कामाच्या वहीत आज काय केलं आणि उद्या काय करायचं, एवढंच. बाजाराच्या वहीत कुठे चित्रं पाठवली, कोणती, कधी, उत्तर काय आलं. या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या की घोटाळा होतो. प्रदर्शनातून नकार आला की आपण लगेच कालच्या चित्राला नावं ठेवायला लागतो. पण त्या निवडीत जागा किती होती, विषय काय हवा होता, परीक्षकांच्या मनात काय होतं, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं. बाजाराची वही मी आठवड्यातून एकदाच उघडते, चित्रं आवरून झाल्यावर. आणि एक नियम : चित्रं पाठवतानाच, नकार आला तर पुढे कुठे पाठवायची, ते शेजारच्या रकान्यात लिहून ठेवायचं. नकार वाचताना पुढचा पत्ता समोर असला की हात चालू राहतो.

आपण पुढे सरकतोय का, हे लाइक्स मोजून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख घाला आणि एक साधा विषय धरून तो दर काही महिन्यांनी पुन्हा करा, त्याच आकारात, त्याच कागदावर. माझा विषय खिडकीत ठेवलेला पाण्याचा पांढरा जग आहे. जुन्या कागदावर त्याच्या सगळ्या कडा सारख्याच टोकदार आहेत, जणू कात्रीने कापून चिकटवलाय. सावलीही नुसती फिकट राखाडी. अलीकडच्या कागदावर सावलीकडची कड मागच्या भिंतीत विरघळलीय, आणि पांढरा रंग पांढरा दिसतो तो शेजारी गडद छटा टाकायचं धाडस केल्यामुळे. हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर मला कुणाच्या शाबासकीची गरज उरत नाही.

रोज उठून बसायला जड जात असेल तर काम मध्येच थांबवायची सवय लावा. सगळं संपवून उठलात की दुसऱ्या दिवशी कोरा कागद समोर येतो, आणि त्याची धास्ती भल्याभल्यांना असते. मी कागदाच्या मागे लिहून उठते : "उजवीकडची सावली थंड, म्हणजे निळसर कर, आधी कागदाच्या तुकड्यावर करून बघ." सकाळी शिकवतानाही ते डोक्यात घोळत राहतं.

अगदीच सुचत नसेल त्या दिवशी पुढच्या चित्राचा कागद ओला करून फळीवर ताणून ठेवा, पॅलेट धुवा, जुन्या चित्रांचे नीट फोटो काढा. किंवा सरळ नक्कल करा. फ्रेंच चित्रकार बार्ग यांच्या, विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सरावाच्या रेखाचित्रांवरून व्हॅन गॉगने सुरुवातीला हात बसवला, आणि १८९० मध्ये त्यातली काही पुन्हा काढली.

वयाची भीती वाटते त्यांच्यासाठी : फ्रेंच चित्रकार सेझानचं पहिलं एकल प्रदर्शन १८९५ मध्ये झालं, तेव्हा तो ५६ वर्षांचा होता. क्यूबात जन्मलेली अमेरिकन चित्रकार कार्मेन हेरेरा, तिचं पहिलं चित्र २००४ मध्ये विकलं गेलं, वयाच्या ८९व्या वर्षी. माझ्या मते हेरेराला इतकी वाट पाहावी लागणं हा अन्यायच होता. पण तोवर तिच्याकडे दाखवायला अनेक दशकांचं काम तयार होतं, हे फार महत्त्वाचं.

चित्रं विकली जायला लागली की किंमत आकारावर ठरवा आणि ती सगळ्यांना सारखी सांगा. महिनाभर काही गेलं नाही म्हणून घाबरून उतरवू नका, आधी घेतलेल्यांचा त्यात अपमान होतो. घेणाऱ्याचं नाव बाजाराच्या वहीत लिहा आणि नवी मालिका पूर्ण झाली की त्याला सर्वात आधी कळवा. माझं तरी दुसरं चित्र बहुतेकदा त्याच माणसाने घेतलंय.