ऑटोक्रॉससाठी गाडीचा वर्ग कसा ठरवावा: पार्ट बदलण्याआधी

ऑटोक्रॉसला, म्हणजे शंकूंनी आखलेल्या मार्गावर एकेक गाडी घड्याळाविरुद्ध पळवण्याच्या स्पर्धेला, नव्याने येणारे बरेच जण आधी पार्ट घेतात आणि मग वर्ग (कोणत्या गाड्यांशी तुलना होणार ते) शोधतात. क्रम उलटा ठेवा. अमेरिकेत अनेक क्लब स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीएचे 'सोलो' नियम पाळतात. या नियमांचा गाभा एकच: ज्या बदलाला स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही, तो बंद. 'कुठे मनाई केली आहे?' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

पहिली पायरी: चालू वर्षाचे नियमपुस्तक उघडून परिशिष्टात गाडीचे मॉडेल आणि वर्ष शोधा. नाव तेच असले तरी पिढी किंवा इंजिन वेगळे असेल तर वर्गही वेगळा असू शकतो.

दुसरी पायरी: गाडी सेकंडहँड असेल तर ती जॅकवर घेऊन खालून तपासा. आधीच्या मालकाने बसवलेल्या, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगही तुमच्याच खात्यात धरल्या जातात.

आता खरा प्रश्न, काय बदलायचे. वर्ग गटांमध्ये विभागलेले असतात, आणि सगळ्यात कमी बदलांचा गट 'स्ट्रीट'. इथे ट्रेडवेअर (टायर किती टिकतो याचा त्यावर छापलेला आकडा) किमान २०० असलेले टायर, पसंतीचे ब्रेक पॅड आणि एअर फिल्टरचा एलिमेंट चालतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या पुढचा) एक्झॉस्टही बदलता येतो. शॉक ॲब्सॉर्बर बदलता येतात, पण बाहेरून करायच्या ॲडजस्टमेंट दोनपेक्षा जास्त नकोत. अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणे कमी करणारी दांडी) पुढचा किंवा मागचा, एकच बदला. दोन्हींना हात लावला की गट सुटला. चाकाचा व्यास एक इंचाने कमी-जास्त चालतो, रुंदी मात्र मूळचीच. स्प्रिंग बदलणे आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग इथे बसत नाही. स्प्रिंग बदलायच्याच असतील तर 'स्ट्रीट टूरिंग' पाहा. त्यापुढे 'स्ट्रीट प्रिपेअर्ड' आणि आणखी मोकळे गट आहेत, पण तिथले प्रतिस्पर्धी मिळालेली सवलत पूर्ण वापरून येतात. माझ्या मते पहिल्या हंगामात फक्त टायर आणि पॅड घ्यावेत.

कंपनीच्याच दुसऱ्या ट्रिमचे (त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराचे) भाग बसवताना लोक हमखास फसतात. 'ओरिजिनल पार्ट आहे' एवढे पुरत नाही. 'स्ट्रीट'मध्ये कंपनीने एकत्र विकलेल्या भागांचे पॅकेज तुमच्या मॉडेलसाठी त्याच वर्षी उपलब्ध असायला हवे आणि ते पूर्ण बसवावे लागते. त्यातले फक्त मोठे ब्रेक उचलून चालत नाही.

वेगवेगळ्या वर्गांच्या वेळांची एकत्र तुलना करण्यासाठी पॅक्स गुणांक वापरतात; वेळेला वर्गाच्या गुणांकाने गुणतात. समजा वेळ ६० सेकंद आणि गुणांक ०.८००, तर हिशेबात ४८ सेकंद. गट जितका मोकळा, तितका गुणांक साधारणपणे मोठा. म्हणून नव्या पार्टने वेळ त्या फरकापेक्षा जास्त कमी होणार नसेल, तर पैसे देऊन मागे पडाल.

शंका असेल तर नोंदणीच्या आधीच क्लबच्या तांत्रिक प्रमुखांना विचारा. आणि काढलेले मूळ भाग विकू नका. वर्ग जमला नाही तर तेच परत बसवावे लागतील.