टायटल वनची कम्पॅरेबिलिटी करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसांत आता आपली बरीच माणसं आहेत. कुणी बजेटला, कुणी डेटाला, कुणी एचआरला. फॉल सुरू झाला की त्यांतल्या कुणाच्या तरी टेबलावर कम्पॅरेबिलिटीचं काम येऊन पडतं आणि ‘एक स्प्रेडशीट तर भरायची आहे’ म्हणून ते उरकलं जातं. मी हे काम बरीच वर्षं करते आहे. दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता राग येतो, कारण त्यांची झळ ज्यांना लागते ती मुलं या ऑफिसात कधी येत नाहीत.

आधी नियम समजून घ्या. टायटल वन या शिक्षण कायद्यातल्या भागातून फेडरल सरकार गरीब वस्त्यांतल्या शाळांसाठी वर्षाला साधारण १८ अब्ज डॉलर देतं. हा पैसा जादा म्हणून द्यायचा असतो. त्याआधी डिस्ट्रिक्टने राज्याच्या आणि स्वतःच्या पैशातून त्या शाळांना इतर शाळांच्या तोडीचं दिलेलं असलं पाहिजे. हीच कम्पॅरेबिलिटीची अट. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये मूळ कायद्यावर सही केली तेव्हा ही अट त्यात नव्हती. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या रूबी मार्टिन आणि फिलिस मॅकक्लुअर यांच्या १९६९ च्या अहवालाने दाखवून दिलं, की गरीब मुलांच्या नावावर आलेला पैसा ठिकठिकाणी डिस्ट्रिक्टच्या नेहमीच्या खर्चात जिरत होता. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, ही अट कायद्यात आली. त्या कायद्याचं आजचं रूप असलेल्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्टमध्ये ती कलम १११८(सी) मध्ये आहे.

फेडरल पगारावरची माणसं मोजणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. एका डिस्ट्रिक्टमध्ये मला मदतीला बोलावलं होतं. काम नव्या ॲनालिस्टकडे होतं. मुलगा हुशार, एक्सेल म्हणजे हातचा मळ. त्याने एचआरकडून शाळावार नावांची यादी घेतली, पटसंख्येला माणसांच्या संख्येने भागलं आणि दुपारपर्यंत काम संपवलं. कुणाचा पगार कुठल्या पैशातून निघतो, हे त्याने विचारलंच नाही.

टायटल वन शाळेत मुलं ४६० आणि शिकवणारी माणसं २३, म्हणजे एका माणसामागे २० मुलं. टायटल वन नसलेल्या शाळांची सरासरीही २०. दिसायला अगदी चोख. काही महिन्यांनी राज्याच्या तपासणीत पेरोल मागितला गेला आणि त्या २३ पैकी तिघींचा पगार टायटल वनमधून निघताना दिसला. त्या वजा केल्यावर २० माणसं आणि ४६० मुलं, म्हणजे एकामागे २३. सरासरीच्या ११० टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे २२ पर्यंत, चालतं. शाळा नापास झाली.

मला आकड्यापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. त्या तिघींतली एक इयत्ता दुसरीची वर्गशिक्षिका होती. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, सुखवस्तू वस्तीतल्या शाळेत दुसरीच्या तीन तुकड्या होत्या आणि तिन्ही शिक्षिकांचा पगार स्थानिक पैशातून जायचा. इथेही तुकड्या तीनच, पण त्यांतली एक टायटल वनवर उभी होती. म्हणजे ज्या मुलांना जादा मिळायला हवं होतं, त्यांना बरोबरीला आणण्यातच जादाचा पैसा संपला होता. १९६९ साली ज्याबद्दल ओरड झाली तेच हे. स्थानिक पैशातून एक शिक्षिका जरी वेळेवर दिली असती, तरी ४६० ला २१ ने भागून २१.९ आलं असतं आणि शाळा नियमात बसली असती. ते झालं नाही. डिस्ट्रिक्टला पैसे परत करावे लागले.

म्हणून मी एचआरची यादी घेतच नाही, पेरोलची घेते. प्रत्येक नावापुढे फंडाचा कोड लागतोच. टायटल वन असो, स्पेशल एज्युकेशनचं फेडरल अनुदान असो की दुसरं काही, फेडरल ओळी पिवळ्या करून वेगळ्या शीटवर नेते. काढून टाकत नाही, कारण तपासणीला माणूस आला की पहिलं तेच मागतो. अर्धा पगार टायटल वनमधून आणि अर्धा स्थानिक असेल तर ते माणूस ०.५ धरायचं.

एकाहून जास्त शाळांत फिरणाऱ्यांसाठी मी थेट शाळेच्या ऑफिसात फोन करते. संगीताची शिक्षिका सिस्टिममध्ये एकाच शाळेच्या नावावर पूर्ण १.० असते. फ्रंट डेस्कवरच्या बाईंना विचारलं की कळतं, इथे ती फक्त मंगळवारी आणि गुरुवारी येते. म्हणजे ०.४. ही माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही, आणि ज्यांना फोन करायचा कंटाळा येतो त्यांनी हे काम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉर्मची तारीख म्हणजे कामाची तारीख समजणं

कायदा म्हणतो की नोंदी दर दोन वर्षांनी अद्ययावत करा. लोक त्यातून काम एक वर्षाआड करायचं असा सोयीचा अर्थ काढतात. फेडरल मार्गदर्शनात हिशोब दरवर्षी करायला सांगितलं आहे, आणि कुठली शाळा मागे पडत असेल तर त्याच वर्षी दुरुस्ती करायची आहे. फेब्रुवारीत हिशोब करून काय उपयोग? तोवर वर्ग बसलेले असतात, शिक्षकांचे करार झालेले असतात. तेव्हा शिक्षक हलवला तर मुलांचे हाल, नाही हलवला तर डिस्ट्रिक्ट नियमाबाहेर.

मी कच्चा हिशोब वसंतातच, पुढच्या वर्षीच्या बजेटबरोबर करते. तेव्हा पद द्यायचं की नाही हा निर्णय कागदावर असतो, कुणाला उचलून हलवावं लागत नाही. मग शाळा सुरू झाल्यावर पट स्थिरावला की पुन्हा, आणि ऑक्टोबर संपायच्या आत पक्का. शाळा सुरू झाल्यानंतर पटात किंवा नेमणुकांत अनपेक्षित बदल झाले तर कायदा ते सोडून देतो, हे खरं. पण ऑगस्टमध्येच रिकामी असलेली जागा अनपेक्षित कशी? ही सवलत पळवाट म्हणून वापरणाऱ्यांशी मी प्रत्येक वेळी वाद घातला आहे.

नियमात बसलं म्हणजे न्याय झाला असं मानणं

हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. नोकरीच्या वर्षांमुळे पगारात पडणारा फरक या तुलनेत धरायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. त्यामुळे एका शाळेत वीस मुरलेले शिक्षक आणि दुसरीत वीस नवखे असले, तरी कागदावर दोन्ही सारख्या. प्रत्यक्षात अनुभवी शिक्षक बदली मागून सुखवस्तू भागात जातात आणि त्यांच्याबरोबर पगाराचे डॉलरही जातात. फेडरल शिक्षण खात्याने २०११ मध्ये खरे पगार धरून पाहिलं, तेव्हा ४० टक्क्यांहून जास्त टायटल वन शाळांत माणसांवरचा दर मुलामागचा राज्य-स्थानिक खर्च त्याच डिस्ट्रिक्टमधल्या, त्याच स्तराच्या, टायटल वन नसलेल्या शाळांपेक्षा कमी निघाला.

हे बदलता येत नाही असं नाही. वॉशिंग्टन डी. सी. मध्ये नागरी हक्क कार्यकर्ते ज्युलियस हॉबसन यांच्या खटल्यात न्यायाधीश स्केली राइट यांनी १९७१ मध्ये आदेश दिला होता, की प्राथमिक शाळांत शिक्षकांवरचा दर मुलामागचा खर्च सरासरीपासून पाच टक्क्यांहून जास्त ढळता कामा नये. तोही खऱ्या पगारांवर. आज एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्टमुळे प्रत्येक शाळेचा दर मुलामागचा खर्च खऱ्या पगारांसह जाहीर करावा लागतो, म्हणजे आकडा आधीच तयार असतो. मी सक्तीच्या तक्त्याशेजारी तो आणि शिक्षकांच्या सरासरी अनुभवाची वर्षं असे दोन रकाने घालून डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांपुढे, म्हणजे सुपरिंटेंडंटपुढे, ठेवते. मागितलेले नसतात, तरी ठेवते. त्यावरून चर्चा सुरू होते.

इथेच उलटी चूकही होते. माणसांऐवजी दर मुलामागच्या पगारावर तुलना करायची पद्धत निवडली, तर टायटल वन शाळेचा आकडा सरासरीच्या निदान ९० टक्के हवा. त्या हिशोबात ज्येष्ठतेची वाढ वगळून पगार घ्यायचा असतो. घाईत लोक पेरोलचा एकूण आकडा ओढून घेतात.

छोट्या, पण रोजच्या

प्राथमिक शाळेची तुलना प्राथमिक शाळांशीच करा, हायस्कूल त्यात मिसळू नका. एकाच गटात सर्वांत मोठ्या शाळेचा पट सर्वांत लहान शाळेच्या दुप्पट असेल, तर मोठ्या आणि लहान असे उपगट करता येतात. शंभरपेक्षा कमी मुलांची शाळा वगळता येते.

द्विभाषिक कार्यक्रमांचा किंवा स्पेशल एज्युकेशनचा जादा खर्च वगळता येतो, पण दोन्ही बाजूंना. निकाल हवा तसा येईपर्यंत एकीकडे वगळत आणि दुसरीकडे धरत बसणं ही लबाडी आहे.

पॅराप्रोफेशनल मोजायचे की नाही हे डिस्ट्रिक्ट ठरवतं. मी मोजत नाही. वर्गातला मदतनीस कितीही चांगला असला तरी तो शिक्षकाची जागा भरून काढत नाही.

‘आमच्याकडे पॉलिसी आहे’ हे उत्तर पुरत नाही. समान पगारश्रेणीचा ठराव आणि माणसं-साहित्य समान देण्याचं लेखी धोरण हवंच, पण ते पाळलं गेल्याच्या नोंदीही हव्यात.

महाराष्ट्रातून आलेल्यांना संचमान्यतेची सवय असते. तिथे ३० सप्टेंबरच्या पटावर प्रत्येक शाळेची पदं ठरतात. इथे शाळेला पदं मंजूर होत नाहीत, एका शाळेची दुसरीशी तुलना होते. पट नियमात बसला म्हणून विषय संपत नाही.

आणि ही तुलना एका डिस्ट्रिक्टच्या आतच चालते. शेजारच्या श्रीमंत डिस्ट्रिक्टशी तुमचं अंतर यातून मिटत नाही. शिक्षण हा फेडरल राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही, असं सॅन अँटोनियो विरुद्ध रॉड्रिग्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. ती लढाई राज्यांच्या कोर्टांत आणि विधिमंडळांत आहे.

दुरुस्तीच चुकीच्या पैशातून करणं

शाळा मागे पडलेली दिसली की ‘टायटल वनमध्ये पैसे शिल्लक आहेत, त्यातून एक शिक्षिका घेऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. त्याने हिशोब तसूभरही बदलत नाही, कारण ती शिक्षिका मोजायचीच नाही. दुरुस्ती राज्याच्या किंवा स्थानिक पैशातूनच करायची. नवीन पद द्या, किंवा इतर शाळेतलं पद हलवा. मी पहिला पर्याय मागते आणि तो ऑगस्टच्या आत मागते. पद हलवायचंच ठरलं, तर नोकरीत सर्वांत नवी असलेली शिक्षिका सोयीची म्हणून पाठवू नका. त्या शाळेत नवख्या आधीच पुष्कळ असतात. बदलीला तयार असलेल्या अनुभवी शिक्षिकेला आधी विचारा, आणि युनियनच्या प्रतिनिधीला पहिल्याच बैठकीला बोलवा.