टर्बो की बिनटर्बो? आधी रस्ता बघा

आमच्या दादरच्या गॅरेजवर स्पोर्ट्स कारचा सल्ला घ्यायला येणारा पहिलं विचारतो, "पॉवर किती?" मी विचारतो, चालवणार कुठे?

टेस्ट ड्राइव्हला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली गाडी, क्षणभर थांबेल, मग एकदम ढकलेल. बिनटर्बो, म्हणजे नॅचरली ॲस्पिरेटेड, लगेच हलेल, पण खरा जोर बराच वरच्या आरपीएमला. फेरारीचंच घ्या: ४५८ इटालियाचा ५४० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) ६००० आरपीएमला मिळतो, तिच्या जागी आलेल्या टर्बो ४८८ जीटीबीचा ७६०, तोही ३००० ला (सातव्या गिअरमध्ये, हे ब्रोशरच्या बारीक अक्षरात). कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा. तिथे ४५८ सारखं ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन घेऊन काय करणार? रोजच्याला टर्बोच.

रेस ट्रॅकचं गणित वेगळं. त्यासाठी कोइम्बतूर नाहीतर चेन्नई गाठायची. वळणातून निघताना पाय जेवढा दाबाल तेवढंच चाकाला मिळायला हवं, तिथे बिनटर्बो सरस. शिवाय टर्बोत दाबलेली हवा तापते; ती थंड करणारा इंटरकूलरच गरम झाला की ताकद उतरते. म्हणून सलग चार-पाच लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, मारून बघा, पहिल्यावर भाळू नका. पोर्शेने ९११ करेराला टर्बो दिले, पण ट्रॅकसाठीच्या ९११ जीटी३ मध्ये ४ लिटरचं बिनटर्बोच ठेवलं, ते उगाच नाही.

टर्बो घेतलीत तर शेवटचा लॅप सावकाश मारा, आल्याआल्या इंजिन बंद करू नका; तापलेला टर्बो आधी थंड होऊ द्या.