खान्देशातून भूदृश्य वास्तुकलेच्या पदव्युत्तर शिक्षणाची तयारी

बी.आर्क.चे, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीचे, शेवटचे वर्ष सुरू झाले की जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडचे विद्यार्थी लँडस्केपची, म्हणजे भूदृश्य वास्तुकलेची, चौकशी करू लागतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न कोणत्या संस्थेत जावे हा असतो. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. ज्या जमिनीवर आपण वाढलो ती आपल्याला वाचता येते का, हे आधी तपासावे. पाणी कोठून येते आणि कोठे मुरते, मातीचा स्वभाव कसा आहे, तिच्यात कोणती झाडे टिकतात आणि माणसे त्या जागेवर कशी वावरतात, हे जाणून जमिनीची रचना करणे हा या विषयाचा गाभा आहे. हिरवळ आणि कारंजी हा त्याचा फार लहान भाग. म्हणून अर्ज करण्याच्या निदान वर्षभर आधी पुढील अभ्यास सुरू करावा.

प्रथम आपल्या गावाजवळचा एक नाला किंवा लहान नदी निवडावी आणि तिचे पाणलोट क्षेत्र स्वतः आखावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी पुरेसे आहेत. त्यांवरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे उंचीतील २० मीटर अंतराच्या असल्यामुळे लहान साइटचे बारकावे त्यांत सापडत नाहीत, ते जागेवर लेव्हल (उंची मोजण्याचे उपकरण) लावूनच घ्यावे लागतात. पाणलोट आखून झाला की त्याचा एक लांब सेक्शन, म्हणजे जमिनीचा उभा छेद, काढावा. यावल किंवा रावेर तालुक्यातला विद्यार्थी असेल तर त्याने सातपुड्याच्या माथ्यापासून तापीच्या पात्रापर्यंतची रेषा घ्यावी आणि उतार डोळ्यांना दिसावा म्हणून उभे प्रमाण आडव्याच्या दहापट ठेवावे. या एका रेषेवर डोंगराचा कातळ, पायथ्याचा गोट्या-वाळूचा बझाडा पट्टा, त्याखालचा गाळाचा सुपीक पट्टा आणि तापीकाठच्या घळी अशी चार वेगवेगळी भूरूपे ओळीने येतात. बझाड्यात पावसाचे पाणी झपाट्याने मुरते आणि खालच्या केळीच्या बागांच्या विहिरींना तेच पाणी पोहोचते. तेव्हा पायथ्याशी नाल्याचे पात्र सिमेंटने बांधून काढले तर नुकसान कोठे दिसेल, हे सेक्शन पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पदव्युत्तर स्टुडिओत पहिल्या सत्रात जे शिकवतात त्याचा मोठा भाग या एका चित्रात येतो.

त्यानंतर त्याच क्षेत्राचे उतार, माती, पाणी, झाडोरा आणि जमीनवापर असे पाच नकाशे ट्रेसिंग कागदावर करून एकमेकांवर ठेवावेत. इयान मॅकहार्ग यांनी १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून रूढ केलेली ही पद्धत आज क्यूजीआयएससारख्या मोफत संगणक प्रणालीत काही तासांत होते, आणि उपग्रहचित्रे इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर पाहता येतात. तरीही पहिला संच हाताने करावा असा माझा आग्रह आहे, कारण रेषा हाताने ओढताना प्रत्येक ठिकाणी ती तेथेच का वळते हे स्वतःला विचारावे लागते.

धुळे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी पांझरा नदीवरची सिंचनाची फड पद्धत पाहिल्याशिवाय प्रवेशाच्या मुलाखतीला जाऊ नये. नदीवर दगडी बंधारा, तेथून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड म्हणजे मोठे भाग, प्रत्येक फडात एका हंगामात एकच पीक आणि पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल, अशी ही काही शतकांची व्यवस्था आहे. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे पाणी कमी पडले की झळ एकट्यादुकट्याला न बसता सर्वांना वाटून बसते, आणि पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेले पाटकरी पाहतात. उतार, पाणी, पीक आणि गावाचा कायदा यांची एकत्र रचना असे भूदृश्य देशात फार थोड्या ठिकाणी उरले आहे. त्याचे मोजमाप घेऊन नकाशा करावा आणि पाटकऱ्यांशी सावकाश बोलून त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत. त्यासाठी रब्बीचा हंगाम निवडावा, कारण तेव्हा पाट वाहता असतो आणि माणसे शेतावर भेटतात.

झाडांची ओळख पुस्तकातून होत नाही. अंजन, सालई, धावडा, पळस, मोह, करंज, उंबर आणि हिवर एवढी झाडे पानगळीत, फुलोऱ्यात आणि भर पावसात ओळखता आली पाहिजेत. प्रत्येकाची उंची, सावलीचा घेर आणि पाण्याची गरज वहीत नोंदवावी. मातीकडेही असेच लक्ष द्यावे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेली फरशी एका वर्षात उचलली जाते; खाली मुरमाचा थर आणि कडेने पाण्याचा निचरा का लागतो, हे जळगावच्या कोणत्याही जुन्या अंगणात शिकता येते. हिशोबाची सवयही लावून घ्यावी. एक हेक्टर जागेवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी होते. त्यातले किती मुरेल आणि उरलेले कोठे न्यायचे, याचे उत्तर रचनेतून द्यावे लागते.

प्रवेशाची वाट त्यामानाने सरळ आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. दिल्ली आणि भोपाळ येथील नियोजन व वास्तुकला विद्यालयांसाठी गेट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतील ‘वास्तुकला व नियोजन’ हा पेपर द्यावा. शंभरपैकी १५ गुण सामान्य कलाचाचणीला, ६० समाईक भागाला आणि २५ वास्तुकला किंवा नियोजन यांपैकी निवडलेल्या भागाला असतात. परीक्षा फेब्रुवारीत होते आणि गुण तीन वर्षे ग्राह्य राहतात. समाईक भागातील पर्यावरणीय नियोजनाचा विभाग आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे, तो आधी पक्का करावा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र असतो. पुण्यात डॉ. भानुबेन नानावटी महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे. भुसावळहून दिल्ली, भोपाळ आणि पुण्याकडे, तसेच सुरतमार्गे अहमदाबादकडे रेल्वे जाते, त्यामुळे अंतराची भीती बाळगून निवड करू नये. संस्थेतील अध्यापकांचे काम आणि मागील प्रबंधांचे विषय पाहून ती करावी.

पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या निवडक कामांच्या संचात, इमारतींची त्रिमितीय चित्रे भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. वर सांगितलेला सेक्शन, पाच नकाशांचा संच, फडांचे मोजमाप आणि एखाद्या लहान जागेचे ग्रेडिंग (जमिनीच्या उतारांची आखणी) यांना अर्धी पाने द्यावीत. बी.आर्क.चे प्रकल्प घ्यायचेच असतील तर त्यांतील जमिनीचा भाग पुन्हा रेखाटून घ्यावा. उद्देशपत्रात निसर्गप्रेमाची वाक्ये न लिहिता एक खरा प्रश्न मांडावा, उदाहरणार्थ जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर शहर वाढत असताना तलावाकडे येणारे ओहोळ मोकळे कसे ठेवावेत. मुलाखतीत भारतीय काम विचारले जाते. दिल्लीतील शक्तिस्थळाची, म्हणजे इंदिरा गांधींच्या समाधीस्थळाची, रवींद्र भान यांनी केलेली रचना आणि तेथीलच सुंदर नर्सरी या उद्यानाचे मोहम्मद शाहीर यांचे काम शक्य असल्यास प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

प्रबंधाचा विषय दुसऱ्या वर्षी ठरतो, परंतु त्याची सामग्री घर सोडण्यापूर्वीच गोळा करावी लागते. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने राखलेले जंगल, तापीकाठच्या घळी, तोरणमाळचा यशवंत तलाव, धुळ्याच्या जुन्या सरळ गल्ल्यांतील सावली, यांपैकी जे मनाला भिडेल ते घ्यावे. निवडलेल्या जागेवर मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, त्याच ठिकाणी उभे राहून त्याच दिशेने छायाचित्रे काढावीत, जवळच्या दोन विहिरींची पाण्याची पातळी दोराने मोजावी आणि तारखेसह लिहून ठेवावी. दिल्लीच्या किंवा अहमदाबादच्या स्टुडिओत बसून ही दोन मोजमापे पुन्हा मिळवता येत नाहीत, आणि हुकलेला पावसाळा पुढच्या वर्षीच येतो.